मुंबईत कॅक्टस: आधी ते चिकटवलेले खडे काढा

कॅक्टसला काही लागत नाही, असं नर्सरीवाले सांगतात आणि हातात देतात ती कुंडी त्याला मारायलाच भरल्यासारखी असते. मी मॅमिलारिया जातीचा छोटा कॅक्टस घेतला, वर पांढरे खडे, छान दिसत होते. घरी येऊन एक उचलायला गेले तर हलेना. सगळे गोंदाने चिकटवलेले, अख्खा थर एकसंध! म्हणजे माती ओली का सुकी बघायला बोटही घालता येत नाही. नर्सरीत जाऊन विचारलं तर म्हणे मॅडम, टेम्पोत सांडू नये म्हणून लावतात, राहू द्या, काही होत नाही. कसं होत नाही? खाली नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ते खडखडीत सुकलं की पाणी कडेने वाहून जातं आणि एकदा नीट भिजलं की आपल्या जुलैत सुकायचं नाव घेत नाही, त्यात वरून हे झाकण, मग मुळं सडणारच ना.

काही गोंद पाण्यात भिजवला की सुटतो, माझा नाही सुटला, शेवटी पक्कड घेतली. आणि आत मुळांना आवळून बसलेला प्लॅस्टिकचा जाळीवाला कप! तो नेलकटरने एकेक तार तोडत काढला, नवरा म्हणाला एवढ्यात दुसरा आला असता. (झाड धरायला वर्तमानपत्राची जाड घडी, रबरी ग्लोव्हजमधून काटे आरपार जातात.)

पुढचं सोपं. भोक असलेली छोटी मातीची कुंडी, जाड रेती, पर्लाइट (पांढरे हलके दाणे), विटांचा चुरा, मूठभर गांडूळखत. चौपाटीची वाळू अजिबात नको, खारट असते. मुळं दुखावलेली असतात म्हणून आठवडाभर पाणी नाही. पावसाळ्यात ग्रिलमधून उचलून आत, पण उजेडाच्या खिडकीपाशीच, आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. पाऊस संपल्यावर एकदम कडक उन्हात ठेवू नका, डाग पडतात.

यंदा फेब्रुवारीत माझ्या कॅक्टसच्या डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं आलंय, खरं! दुकानात काहींवर वाळलेली फुलं गरम ग्लूने चिकटवलेली असतात, तीही बघून घ्या. आणि लाल डोक्याचा घेणार असाल तर ते दोन कॅक्टस जोडलेले असतात, वरच्यात हरितद्रव्यच नसतं, तो खालच्या हिरव्याच्या जिवावर जगतो, त्यामुळे काही वर्षांत गेला तर स्वतःला दोष देऊ नका.

हां, काट्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर ती मिलीबगची कीड, कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा, संध्याकाळी, उन्हात नको.