खोडव्यातलं पाचट: कुट्टी यंत्राची वाट बघत बसू नका

आमच्या वाळवा तालुक्यात (जि. सांगली) ऊस तुटला की पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांना, काडी लावणारे अजून बरेच आहेत. आम्ही ते बंद केलंय. को 86032 जातीचा लावणीचा ऊस जानेवारीत तुटला, वाढे (हिरवे शेंडे) जनावरांना गेले आणि रानात गुडघाभर पाचट उरलं. एकरी तीन-चार टन सहज निघतं. नांगरट करायची नाही, बगला फोडायच्या (वरंब्याच्या बाजू नांगरायच्या) नाहीत, तर हे पाचट सरीत बसवणं हेच खोडव्याचं, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचं, मोठं काम. तिथंच आमचं अडलं.

पाचटाचे बारीक तुकडे करणारं भाड्याचं कुट्टी यंत्र तोड सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मालक रोज म्हणायचा, "उद्या सकाळी येतो दादा." फोन केला की यंत्र पलीकडच्या गावात. एकदाचं आलं, पण भल्या सकाळी. दहिवरानं पाचट दमट होतं, त्यामुळे दोन सऱ्यांतच रोटरला दोरखंडासारखं गुंडाळलं. ड्रायव्हर कोयत्यानं सोडवत बसला, "ऊन चढल्यावर येतो" म्हणून गेला, तो आलाच नाही. याचा राग अजून जात नाही, कारण ऊस कुणासाठी थांबत नाही. बुडख्यांतून (रानात उरलेल्या उसाच्या खुंटांतून) कोंब वर दिसायला लागले होते आणि त्यांच्यावरून यंत्र फिरवलं तर तेच तुटणार. त्यातच शेजारच्या रानात पाचट पेटवलं. वाऱ्यानं ठिणग्या आमच्या बांधावर, आणि मी नि भाऊ पाइप धरून उभे. बांधाकडच्या दोन सऱ्यांतलं पाचट सगळ्यात आधी आत ओढून घ्या.

शेवटी यंत्राचा नाद सोडला आणि गावातल्या बायका लावल्या. कुट्टी न करता अख्खं पाचट सरीत दाबलं, बुडखे उघडे केले आणि धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटले. ही छाटणी चुकवू नका. उंच बुडख्यावर वरच्या डोळ्यांचे फुटवे येतात, ते कमजोर राहतात. छाटल्यावर कार्बेन्डाझिम लिटरला 1 ग्रॅम फवारलं.

मग पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणकाल्यातून टाकले आणि पाणी दिलं. युरियात काटकसर नको, नाहीतर पाचट कुजताना जमिनीतला नत्र ओढला जातो आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. पाटपाणी असेल तर एकाआड एक सरीतच पाचट भरा, नाहीतर पहिलं पाणी शेवटपर्यंत पोचत नाही. आमचं ठिबक, तो त्रास नव्हता.

पाचटामुळे खत वरून फेकता येत नाही. ते पहारीनं द्यायचं: बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, तेवढंच खोल भोक, दोन भोकांत फूटभर अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर 15 दिवसांच्या आत, दुसरा साधारण 135 दिवसांनी.

आणि हो, 15 फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका. फुटवे विरळ येतात आणि उन्हाळ्यात खोडकिडीचा त्रास वाढतो. त्यासाठीच यंत्राच्या फोनवर दिवस घालवू नका, तोड ठरली की मजूर सांगून ठेवा.