मुंबई का सोडली?

कोल्हापुरात बिंदू चौकात, लग्नाच्या पंगतीत, मिसळ खाताना, सगळीकडं एकच: "मालिका चालू होती की तुझी, मग परत का आलास?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

सिनेमावाले बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर, कोल्हापूर म्हणजे कलापूर, हे मला ऐकवू नका. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला इथंच निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. ती का गेली, हे कुणी विचारत नाही. मी का आलो, ते मात्र सगळ्यांना पाहिजे.

मालिकेत मी नायिकेचा मधला काका होतो. पर डे काम, पैसे नव्वद दिवसांनी. एकदा प्रॉडक्शनमधून फोन आला, "सर, एक चांगला फोटो पाठवा, जरा हसरा." मला वाटलं, प्रोमोला घेतायत. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी केशवराव भोसले नाट्यगृहाबाहेर काढलेला होता, तो पाठवला. मग कॉल टाइम, म्हणजे शूटिंगला कधी यायचं तो निरोप, यायचा बंद झाला. ट्रॅक बदलतात, शेड्यूल हलतं, मी निवांत. एका रात्री आईचा फोन. रडत नव्हती, चिडली होती. "जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय रं?"

काका अपघातात गेले होते. दिवाणखान्यात माझा हसरा फोटो, चंदनाचा हार, खाली समई. मरायचा सीनसुद्धा दिला नव्हता. नायिकेच्या बापानं फोन उचलला आणि मटकन खाली बसला, संपलं. आईनं दुसऱ्या दिवशी अंबाबाईची ओटी भरली. मी तो एपिसोड पुन्हा पुन्हा लावून बघितला. फोटो चांगला आला होता.

म्हणून परत आलो? नाही. त्यानंतरही बराच काळ मुंबईत आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत होतोच. पुढं एका मुलाखतीत "रंगभूमीनं हाक मारली" असं छापून आणलं. कुठल्या रंगभूमीनं, बाबा? प्रयोगामागं पेट्रोलचे पैसे सुटत नव्हते. आणि ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृहच जळालं. मुंबईत खोलीचं भाडं झेपत नव्हतं, हेही खरं. पण तेवढंच कारण होतं असं कुणी म्हणालं तर भांडेन. नाटकात मरायचं असलं तरी प्रत्येक प्रयोगाला स्वतः यावं लागतं, नुसत्या फोटोवर भागत नाही.

आता मोरेवाडीच्या चित्रनगरीत तलाठी, फौजदार, मुलीचा बाप, येईल ते करतो. परवा मुंबईत मढला चाललेल्या एका मालिकेसाठी सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेली ऑडिशनही पाठवलीय. बोलावलं तर जाणार. फोटो मागितला तर आधी कशाला ते विचारणार.