एकत्र भोगायच्या

गेले तीन आठवडे एका शब्दाने माझं डोकं खाल्लंय. शब्द अगदी साधा, पहिलीतल्या पोरालाही येणारा: एकत्र.

मी न्यू जर्सीतल्या कोर्टांत दुभाषी आहे, मराठी आणि हिंदीची. मराठीचं काम महिन्यातून एखादं. एरवी "मराठी माणसाला हिंदी येतंच की" असं धरून कोणालाही पाठवतात, आणि साताऱ्याकडचा माणूस हिंदीत सांगता येईल तेवढंच सांगून गप्प बसतो. लोकांना वाटतं, दुभाषी म्हणजे समजावून सांगणारी बाई. समजावून सांगायला तर आम्हाला सक्त मनाई. समोरचा बोलला तेच, तेवढंच आणि त्याच्याच तोंडून. तो 'मी' म्हणाला की मीही 'मी'. मराठीत क्रियापदाला लिंग असतं, त्यामुळे माझ्यासारखी पन्नाशीची बाई आरोपीच्या वतीने "मी पळालो, मी घाबरलो होतो" असं कुजबुजते, आणि ऐकणारा पहिल्यांदा दचकून बघतोच.

ते काम शिक्षा सुनावण्याचं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गुन्हा कबूल झालेला, सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यातला सौदाही आधीच ठरलेला. मी होते पीडितासाठी. इथे शिक्षेआधी न्यायाधीशांसमोर स्वतः बोलायचा त्याला हक्क आहे.

काका साठीचे. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. मुलीने इकडे बोलावून घेतलं, ग्रीन कार्ड झालं, घरात बसवेना म्हणून पेट्रोल पंपावर लागले. गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायला बंदी असलेलं न्यू जर्सी हे आता अमेरिकेतलं एकमेव राज्य. त्यामुळे पंपावर माणूस लागतोच, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पहाटे साडेपाचला, खिशात नोटांचा गठ्ठा घेऊन. त्या गठ्ठ्यासाठी २० वर्षांच्या एका पोराने पिस्तूल दाखवलं. काकांनी गठ्ठा लगेच सोडला नाही. पोराने पिस्तुलाची मूठ कानशिलात घातली. डावा कान गेला.

हे सगळं मी कागदावर वाचलं होतं, तरी जाऊन बसले त्यांच्या डाव्या हाताला. वायरलेस हेडसेट चार्ज केलेले नव्हते (कधीच नसतात), म्हणून कानात कुजबुजत होते. बचावाचा वकील पोराबद्दल बोलत होता: आईविना वाढलेला, आजीने सांभाळलेला, आधी एकही गुन्हा नाही. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. दहा मिनिटांनी माझ्याकडे झुकून म्हणाले, "ताई, या कानानं ऐकू येत नाही मला. पण असू द्या, बोला तुम्ही."

मी उभी राहिले, चूक सांगितली, बाजू बदलायची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी वकिलाला पुन्हा थोडक्यात सांगायला लावलं. त्याने ते सगळं आयुष्य तीन वाक्यांत उरकलं. दिवसाला कितीतरी फायली ओढणारा माणूस तो, त्याला तरी काय बोलणार. पण काकांच्या वाट्याला पोरगा आला तो तीन वाक्यांचा.

मग काका बोलायला उठले. वहीची चार पानं, रेघेवर लिहिलेली. "पोलिसांनी अंदाजे तीनशे डॉलर लिहिलंय. अंदाजे नाही, ३१२. रातच्या माणसाकडून मोजून घेतले होते. ३१ वर्षं मी वेबिल जुळवल्याशिवाय घरी गेलो नाही. पैशाची बॅग कधी कोणाच्या हातात दिली नाही." पुढे म्हणाले, "अजून भवानी पण झाली नव्हती."

भवानी! अर्धा सेकंद मिळतो आम्हाला. देवीचं नाव घेतलं असतं तर अख्खं कोर्ट गोंधळलं असतं. 'दिवसाची पहिली विक्री' म्हटलं आणि वर 'जी शुभ मानतात' असं पदरचं जोडलं. नियमाने हे जोडायचं नाही. जोडलं.

आणि मग आमचा जुना वैरी, 'मारणे'. "मला वाटलं, हा आता मारणार." ठोसा मारणार की जिवे मारणार? इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. परवानगी घेऊन विचारलं. काकांनी जरा विचार केला. "आधी एक, मग दुसरं."

आरोपी उभा राहिला. नारिंगी कपडे, हात पुढे बांधलेले, आवाज बारीक. "मी घाबरलो होतो. त्यांना एवढं लागावं असं मला नको होतं. सॉरी, सर." उजव्या कानात मी ते 'लो'सकट म्हटलं. 'सर'ला काय म्हणावं कळेना, तर 'साहेब' म्हटलं. ३१ वर्षं दुसऱ्यांना साहेब म्हणणाऱ्या माणसाने वळून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे. मागच्या बाकावर पोराची आजी रडत होती. तिचं रडणं कोणाला भाषांतरित करावं लागलं नाही.

न्यायाधीश बाई चांगल्या आहेत, पण आकडे वाचायला लागल्या की त्यांची डेक्कन क्वीन होते. शिक्षा वाढवणारे घटक: क्रमांक तीन, नऊ. कमी करणारे: क्रमांक सात, चौदा. यातला चौदावा ऑक्टोबर २०२० मध्ये आला: गुन्ह्याच्या वेळी वय २६ च्या आत. मग शिक्षा. कबुलीच्या सौद्यात जबरी चोरी पहिल्या श्रेणीवरून दुसरीवर आली होती, म्हणजे १० ते २० वर्षांऐवजी ५ ते १०. (काही हिंदी दुभाषी तिला डकैती म्हणतात. दरोड्याला आपल्या कायद्यात पाच माणसं लागतात हो! इथे एकटं पोर होतं.) तर जबरी चोरीला ७ वर्षं, त्यातली ८५ टक्के भोगल्याशिवाय सुटका नाही, हा १९९७ चा कायदा. परवाना नसलेलं पिस्तूल बाळगल्याबद्दल आणखी ५, त्यात ४२ महिने पॅरोल नाही. आणि शेवटी एक शब्द: कन्करंट.

मी म्हटलं, "दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या."

हे मी मनचं सांगितलं नाही. मराठीतले कायद्याचे शब्द कोणी आयते हातात देत नाही; फेडरल कोर्टाच्या दुभाष्यांची प्रमाणपत्र परीक्षासुद्धा फक्त स्पॅनिशची. माझी वही मीच बनवली आहे, भाषा संचालनालयाचे कोश आणि आपल्याकडच्या पेपरांतल्या बातम्या चाळून. प्रत्येक बातमीच्या शेवटी असतं: 'या शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत.' वर्षानुवर्षं वाचलेलं वाक्य. ते ऐकून माणसाला काय कळेल, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

न्यायाधीशांनी विचारलं, पीडिताला आणखी काही सांगायचंय का? काका उठले, हात जोडले. "न्याय झाला, साहेब. आभारी आहे." मी इंग्रजीत तसंच सांगितलं. बाईंनी फायलीतून मान वर केली. असं वाक्य त्यांच्या कानावर फारसं येत नसावं. नोंद झाली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पीडितांना मदत करणाऱ्या विभागाची मुलगी आमच्याशी बोलायला थांबली. काकांनी समाधानाने सांगितलं, "बारा वर्षं म्हणजे पोरगा बत्तीस-तेहतीसचा होऊन बाहेर येईल. तवर अक्कल येईल."

मी इंग्रजी करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सात अधिक पाच. एकत्र म्हणजे बेरीज. दुसरं काय असणार? कंडक्टर माणूस!

जावई मागे उभा होता. त्याने सगळं इंग्रजीतच ऐकलं होतं. "मामा, बारा नाही, सात. पाच त्या सातातच आलेली. शिवाय १४ महिने तो आत आहेच, तेही वजा." काकांनी त्या चार पानांपैकी शेवटचं उलटं केलं आणि आकडे मांडले. सातचे ८५ टक्के, ५ वर्षं ११ महिने १२ दिवस. त्यातून १४ महिने गेले. ४ वर्षं ९ महिने. बारा दिवस त्यांनी सोडले नाहीत, तेही लिहिले.

मी त्या मुलीला सांगितलं की चूक माझी, माझ्या शब्दाने यांचा गैरसमज झाला. आणि मग मराठीत नीट सांगितलं: दोन्ही एकाच वेळी सुरू होतात, एकाच वेळी चालतात. संध्याकाळी दुभाष्यांच्या समन्वयकाला लेखी कळवलं. उत्तर आलं: नोंद घेतली, शिक्षेवर परिणाम नाही. खरं आहे. परिणाम नाहीच. फक्त कोर्टाच्या त्या शब्दशः नोंदीत पीडित हात जोडून न्याय झाला म्हणतोय, आणि तो ज्याला न्याय म्हणाला ती शिक्षा कोणी दिलीच नव्हती.

जावयाचं तोवर सुरू झालं होतं. तो पिस्तुलाचा परवाना काढणार आहे. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा कायदा उडवला, तोवर न्यू जर्सीतही पिस्तूल घेऊन फिरायचं तर तशी खास गरज सिद्ध करावी लागे. साध्या माणसाला ते जवळपास अशक्यच. आता गरज विचारत नाहीत. तरी प्रशिक्षण लागतं, चार जणांच्या शिफारशी लागतात. "मी अर्ज केला की माझ्या चार ओळखीच्यांना विचारणार, हा माणूस कसा आहे. त्या पोराने कोणाची शिफारस आणली होती? आणि त्या पिस्तुलाची शिक्षा किती, तर शून्य. कायदा कडक कोणाला? आपल्याला." मदत विभागाची ती मुलगी शांतपणे म्हणाली, ते पिस्तूल दक्षिणेतल्या एका राज्यात दुकानातून रीतसर विकलेलं होतं, आय-९५ महामार्गाने वर आलं, तिकडे चार जणांना विचारलं असतं तर? एकच पिस्तूल, पण दोघांनाही आपलंच खरं करायला पुरलं.

मत द्यायची मला परवानगी नाही, पण इथे देते. शून्याचा हिशेब मला जावयासारखाच टोचला. इथल्याच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये म्हटलं होतं की कुठलाही गुन्हा फुकटात पडता कामा नये. तरी शिक्षा एकापाठोपाठ लावायच्या की एकाच वेळी, हे शेवटी न्यायाधीशावरच. पण त्या पहाटे काकांच्या खिशात पिस्तूल असतं तर? ३१२ डॉलर न सोडणारा माणूस तो. मी त्या दिवशी वेगळ्याच खटल्यात, बहुधा त्यांच्या मुलीच्या कानात कुजबुजत असते.

काकांना या वादात रस नव्हता. "आमच्या चुलत्याकडं बाराबोर होती, डुकरांसाठी. लायसन कलेक्टरचं. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची." एवढं बोलून ते पुन्हा कागदाकडे वळले. पाचच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला.

"ताई, यांना विचारा, मग ही बंदुकीची पाच गेली कुठं?"

विचारलं. मुलीने सांगितलं: गेली नाहीत, रेकॉर्डवर आहेत, फक्त त्या सातांच्या आतच पूर्ण होतात. मी शब्दाला शब्द लावून मराठी केलं. काकांनी ऐकलं, उजवा कान पुढे करून.

"म्हणजे एका तिकिटावर दोन माणसं बसवली," ते म्हणाले. "आमच्यात असं सापडलं की चार्जशीट देतात."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. 'चार्जशीट' तसाच ठेवला, त्यांचाच शब्द होता. मुलगी गोंधळली. "चार्जशीट? कोणावर?"

मी मराठीत विचारलं.

"तेच तर विचारतोय," काका म्हणाले.