नांदेड ते विद्यापीठ गेट, व्हाया मायग्रेशन

मागच्या जुलैत मी नांदेड सोडून छत्रपती संभाजीनगरला आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, एम.ए. इतिहासच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना सांगणारे पुष्कळ असतात. मधेच येणाऱ्याला कुणी काही सांगत नाही, कारण मधे येणारेच कमी. म्हणून हे लिहिते.

आधी यायचं कारण. मला लघुप्रबंध पैठणवर करायचा होता, आणि भाऊ वाळूजला कंपनीत लागला होता. घरच्यांचा हिशोब सरळ होता, दोघं एका गावात असलेली बरी. भाऊ मात्र चार पोरांसोबत एका खोलीत राहतो, आणि वाळूज शहराच्या एका टोकाला तर विद्यापीठ दुसऱ्या. त्यामुळे माझी सोय मलाच बघायची होती.

पप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही, की एवढ्याशा बदलाला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलताना जुन्या विद्यापीठाकडून घ्यायचा दाखला, कशाला लागतं. ते १९९२ साली नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झाले आणि त्यांच्या पदवीवर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असं छापलंय. तेव्हा सगळ्या मराठवाड्याचं विद्यापीठ एकच, १९५८ साली निघालेलं. पुढे १४ जानेवारी १९९४ ला त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ वेगळं झालं. म्हणजे पप्पा नांदेडात बसून ज्या विद्यापीठाचे पदवीधर झाले, तिथे जायला मला टीसी, मायग्रेशन आणि पात्रता असे तीन दरवाजे ओलांडायचे होते. “आपल्याच घरी जायला पासपोर्ट,” असं म्हणून ते मायग्रेशनच्या अर्जावर सही करायला बसले. सही माझी लागते, हे त्यांना नंतर कळलं.

मी दोन फेऱ्या केल्या, आणि तुम्हीही दोनच करा. पहिली फक्त विचारायला. जूनमध्ये पहाटेच्या मराठवाडा एक्स्प्रेसने निघाले, सकाळी इथे उतरले, संध्याकाळच्या गाडीने परत. या फेरीत टीसी काढलेली नको. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी आहे का आणि तुमचे आधीचे विषय इथल्या विषयांशी जुळतात का, हे दोन प्रश्न विभागात तोंडी विचारून घ्यायचे. जागाच नसेल आणि तुम्ही टीसी काढून मोकळे झालात, तर ना इकडचे ना तिकडचे.

त्या दिवशीची माझी फजिती ऐका. स्टेशनवरून रिक्षात बसताना म्हटलं, “युनिवर्सिटी.” रिक्षावाल्या चाचांनी मिल कॉर्नर, भडकल गेट, घाटी असं करत, खाम नदीचा पूल ओलांडून मला गेटसमोर उतरवलं आणि गेले. मला वाटलं, पोचले. गेट पाहून छाती भरून आली, फोटोही काढला. मग आत पाहिलं तर रस्ताच रस्ता. हा परिसर सातशे एकरांच्या वर आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पायांना माहीत नव्हतं. जूनचं ऊन, पाऊस अजून आलेला नाही, हातात फोल्डर. चुकीच्या फाट्याने वळले आणि भलत्याच विभागाच्या दारात उभी राहिले. तिथल्या शिपाईमामांनी पाणी दिलं आणि म्हणाले, “पोरी, इथे नुसतं युनिवर्सिटी म्हणायचं नसतं, डिपार्टमेंट म्हणायचं असतं.” रिक्षात बसतानाच विभागाचं नाव सांगा, आतपर्यंत नेणार का विचारा आणि भाडं तेव्हाच ठरवा. शेअर रिक्षा बहुतेक गेटपर्यंतच. तिथून पुढे पाय, किंवा गाडीवर लिफ्ट देणारी एखादी ताई.

विभागात गेल्यावर काम सरांच्या टेबलावर झालं, खिडकीवर नाही. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.चं एक सत्र २२ क्रेडिटचं, म्हणजे वर्षाचे ४४. क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन मोजायचं माप. सरांनी माझा जुना अभ्यासक्रम आणि इथला अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवला आणि पेन्सिलने खुणा करत गेले. संशोधन पद्धतीचा पेपर आणि दुसऱ्या सत्रातलं ऑन जॉब ट्रेनिंग दोन्हीकडे आहेच, ते लगेच बसलं. मुख्य विषयही थोडं इकडेतिकडे करून बसले. अडलं एका ऐच्छिक विषयावर. तो तिकडे मी घेतला होता, इकडे तसा नव्हताच. तिथे पेन्सिल थांबली आणि मला एक पेपर जास्तीचा पडला. वाईट वाटलं, पण हे जूनमध्ये कळलं म्हणून बरं. ऑक्टोबरात कळलं असतं तर रडले असते. तेव्हा नुसती मार्कशीट नेऊ नका. जुन्या विद्यापीठाचा सविस्तर अभ्यासक्रम, विभागाच्या शिक्क्यासह, प्रत्येक पेपरचे घटक दिसतील असा न्या. मार्कशीटवर फक्त नाव असतं, आणि नावावरून काही ठरत नाही.

एबीसी आयडीचंही, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याच्या नंबरचंही, आधीच बघा. तो बारा आकडी नंबर आधारला जोडलेला असतो आणि जुने क्रेडिट त्यातच जमा असतात. माझ्या आधारवर पप्पांचं नाव पूर्ण आणि मार्कशीटवर आद्याक्षर, एवढ्यावरून डिजीलॉकर माझी मार्कशीट ओळखायला तयार होईना. आधार दुरुस्तीला आठवडे लागतात. ते काम नांदेडलाच, घरचं जेवण जेवत उरकलेलं चांगलं.

दुसरी फेरी सामानासकट. दोन बॅगा, आणि एका पिशवीत आईने दिलेलं येसर (आमटीचा भाजका मसाला), कारळाची चटणी आणि धपाटे. या फेरीत मी स्वतःच्या हाताने मोठा घोळ घातला. सगळी मूळ कागदपत्रं फोल्डरमधून काढून दिली, पोच घेतली आणि शिट्टी वाजवत बाहेर आले. टीसी आणि मायग्रेशनची झेरॉक्स काढलीच नव्हती. मार्कशीटच्या दहा प्रती होत्या, ज्या मूळ कागदाची प्रत खरी लागणार त्याची एकही नाही. चार दिवसांनी हॉस्टेलच्या अर्जाला टीसीची प्रत हवी, मग महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पुन्हा तेच. शेवटी आठवलं, टीसी मिळाली त्या दिवशी मी ती आईच्या हातात देऊन फोटो काढला होता, भावाला पाठवायला. तोच फोटो गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे छापला. कोपऱ्यात आईचा अंगठा आणि दोन हिरव्या बांगड्या. दादा म्हणाले, “बांगड्या कट करू का?” मी म्हटलं, कटल्या तर शिक्का पण जातोय. तशीच प्रत दिली आणि तात्पुरती चाललीही. माझ्या फायलीत त्या बांगड्या अजून आहेत. तुम्ही मात्र टीसी आणि मायग्रेशन हातात पडलं की दारातच पाच-पाच झेरॉक्स काढा आणि स्कॅन करून स्वतःलाच मेल करा.

हॉस्टेलची यादी लागेपर्यंत खोली पाहावी लागते. बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा हे जवळचे भाग, विद्यार्थ्यांनी भरलेले. खोली पाहताना भाड्याच्या आधी एकच प्रश्न विचारा, पाणी किती दिवसांनी येतं? नांदेडला गोदावरीच्या काठावर वाढलेल्या माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नाही. इथेही पाणी गोदावरीचंच, पैठणच्या जायकवाडीतून येणारं. पण धरण भरलं म्हणून नळ येतो असं नाही. मी पाहिलेल्या पहिल्या खोलीच्या मालकीणबाई म्हणाल्या, पाण्याची काही अडचण नाही. अडचण खरंच नव्हती, कारण पाणीच आठवड्यातून एकदा होतं. आता मी राहते तिथे मोठी टाकी आहे, प्यायला जार येतो, आणि नळ येण्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवलेला असतो. त्या दिवशी कोण लवकर परतणार, हे आम्ही तिघी आदल्या रात्री ठरवतो. टाकी किती लिटरची आणि किती जणींत, हेही विचाराच. कॉट बेसिसवर घेत असाल तर चौथी कॉट उद्या येणार आहे का, तेही.

पैशाचं थोडक्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध प्रवर्गातल्या ज्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. विद्यापीठातच कमवा व शिका आहे. सगळ्यांना मुदती आहेत, आणि मधे आलेल्याचे कागद नेमके मुदतीच्या आसपास अडकतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेअर गावाहून निघतानाच घेऊन या, नंतर गावी खेप पडते.

आता वर्गाचं. पहिला आठवडा जड गेला, खोटं कशाला बोलू. वर्षभरात सगळ्यांचे गट पडलेले, डबा कुणासोबत खायचा ते ठरलेलं, नोट्सचा ग्रुप वेगळा आणि गप्पांचा वेगळा. मी तिसऱ्या बाकावर बसले तर एक मुलगी फार नम्रपणे म्हणाली, “इथे ती बसती.” ती म्हणजे कोण, ते दोन दिवसांनी कळलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, काय करतेस, आणि मी सवयीने म्हटलं, “काही नाही, नोट्स लिहूलाले.” मागून खसखस. “लिहूलाले म्हणजे नांदेड का लातूर?” भोकरदनची एक होती, ती म्हणाली, आमच्याकडे लिहायले. धाराशिवच्या पोराने त्याचं तिसरंच काहीतरी काढलं. त्या दिवशी बाकाचा प्रश्न सुटला. आजही माझं नाव काहींच्या फोनमध्ये ‘लाले’ असंच आहे.

पण खरी ओळख मेसमध्ये झाली. काकूंच्या मेसला दोन वेळा भाकरी मिळते आणि तिथे वर्ग, विभाग, वर्ष काही चालत नाही, जिथे जागा तिथे ताट. एका रविवारी भाजी पातळ झाली म्हणून मी आईचं येसर काकूंना दिलं. त्यांनी त्याची आमटी केली, तेव्हापासून मी येसरवाली. संशोधन करणारी एक ताई तिथेच भेटली. विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात पैठणच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, त्या पाहायला तिनेच मला पहिल्यांदा नेलं. माझ्या लघुप्रबंधाचा विषय त्या काचेच्या कपाटांसमोर उभं राहून बारीक होत होत हाताला लागला. खोलीत एकटं जेवायचा डबा स्वस्त पडतो. पहिले दोन महिने तरी तो लावू नका.

ग्रंथालयात ओळखपत्र हातात येण्याआधीही प्रवेशाची पावती दाखवून विचारून पाहा. वाचनकक्षात जागा धरायची तर सकाळी लवकर. स्पर्धा परीक्षेवाले तुमच्याआधी पोचलेले असतात, आणि पाण्याची बाटली ठेवून गेलेला माणूस परत येतोच.

जानेवारीत इथे असाल तर १४ तारखेला, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी, गाव गाठायचा बेत करू नका. संक्रांतीचा दिवस म्हणून आईने बोलावलं होतं, मी राहिले. नामांतराची मागणी विधिमंडळाने १९७८ साली मंजूर केली आणि नाव प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी काय काय सोसलं, ते मी पेपरला लिहिलेलं होतं. त्या दिवशी गेटसमोर पांढऱ्या साड्यांतल्या, अनवाणी आलेल्या म्हाताऱ्या आज्या कमानीला हात लावून तो कपाळाला लावताना पाहिल्या. जूनमध्ये मी त्याच कमानीचा फोटो काढून पुढे गेले होते. पुस्तकांच्या स्टॉलवर चारशे रुपये गेले. वाहनांचे रस्ते बदललेले असतात, रिक्षा लांबच सोडते, चालायची तयारी ठेवा.

माझा तो जास्तीचा पेपर अजून बाकी आहे, उन्हाळ्यात होईल. अभ्यासाला जीव लागेना की आम्ही तिघी पहाटे विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर जातो. वरून एका बाजूला बीबी का मकबरा दिसतो, खाली आमचा सगळा कॅम्पस, आणि जूनमध्ये मी कुठल्या फाट्याला चुकले तेही. यायचं असेल तर सूर्य उगवायच्या आत या आणि पाणी खालूनच भरून आणा. वर मिळत नाही.