तंबूची वही : रात्र ९ ते ११

आधी कबुली देतो. पहिल्या आठ रात्रींच्या नोंदींत तंबूचं कापड, शिवण आणि पाऊस यांवर मी पानं भरली, झोपेवर एक ओळ लिहिली नाही. झोप लागलीच नव्हती, लिहिणार काय! नळ, संडास, वीज यांतलं काही नसलेल्या जागी मुक्काम करायचा तर सामान काय हवं, याचं माझं गणित या तीन रात्रींत उलटंपालटं झालं.

रात्र ९, डिसेंबर, देहरी. ठाण्याहून लोकलनं कल्याण, एसटीनं मुरबाड, पुढे म्हसामार्गे देहरी. गोरखगडाच्या पायथ्याला एका मामांना विचारून त्यांच्या कापणी झालेल्या भातखाचरात तंबू लावला. सपाट जागा, बांधाचा आडोसा, वर गोरख-मच्छिंद्राचे सुळके. फोटोला झकास, झोपायला नालायक. एक तर धसकटं. आम्ही ती वाकवून वर तंबू ताणला, पण रात्रभर ती कमरेला आपली आठवण करून देत होती. दुसरं, थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खालच्या खाचरात साचते. पहाटे पाचला १३ अंश. माझी स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंतची, तरी तीनपासून कुडकुडत होतो. अंगाखाली बॅगेतला कापूस दबून कागदासारखा होतो, त्यात हवा राहत नाही आणि जमीन पाठीतली ऊब शोषत राहते. पांघरुणावर पैसे घातले, अंथरुणावर नाही, ही माझी चूक.

सकाळी आउटर, म्हणजे तंबूचं बाहेरचं कापड, आतून ठिबकत होता. मित्र म्हणाला, ‘गळतोय.’ पण आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. ती आमच्या दोघांच्या श्वासाची वाफ होती, गार कापडाला लागून पाणी झालेली. थंडी वाजते म्हणून मी वरच्या दोन्ही खिडक्या बंद केल्या होत्या, म्हणजे पाण्याची सोय मीच केली.

मधली नोंद, ठाण्याचं लोकमान्य नगर, घरचा माळा. तीन माणसांचा जुना तंबू दोन पावसाळे पिशवीत आवळून ठेवला होता. उघडला तर आतली बाजू चिकट, घाणेरडा आंबूस वास, आणि शिवणीवरच्या पट्ट्या पापुद्र्यांसारख्या सुटलेल्या. कापडाला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप असेल तर दमट उष्ण हवेत तो हळूहळू विघटतो. ठाण्यात खाडीमुळे आणि पावसामुळे घरात नुसता ठेवला तरी तंबू खराब होऊ शकतो, हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. आता नवा तंबू दोन दिवस पंख्याखाली वाळतो, मग रजईच्या जुन्या सुती खोळीत सैल पडून राहतो. स्लीपिंग बॅगही तशीच. आवळायचं ते फक्त निघायच्या आदल्या रात्री.

रात्र १०, जानेवारी, पुन्हा देहरी. त्याच मामांचा माळ, खाचरापासून तीसेक फूट वर, आंब्याखाली. झाडाची छत्री तंबू आणि उघड्या आकाशाच्या मध्ये येते, म्हणून दव कमी पडतं. डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, हे उजेडातच बघून घ्या. खिडक्या उघड्या ठेवल्या, कानटोपी घातली. आतून जवळजवळ कोरडं. खालचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या कडेपेक्षा चार बोटं आत दुमडला होता, बाहेर राहिला तर तोच दव गोळा करून पोटाखाली आणतो. हवेची मॅट मात्र रात्री एकला बसली. करवंदीचा काटा! सकाळी साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधला आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलं. तेव्हापासून क्रम पक्का : कागद, तंबूचा तळ, १० मिलिमीटरची फोमची मॅट, वर हवेची. फोम कधी बसत नाही, म्हणून दोन्हींतली एकच न्यायची झाली तर मी फोमच नेईन.

बाकी सामान भराभर सांगतो. सुतळी, नायलॉनची दोरी आणि खुरपं ठाण्यातच जांभळी नाक्यावर घेतलं. संडासासाठी खुरप्यानं पाण्यापासून दोनशे फूट लांब वीतभर खड्डा, नंतर माती. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे सॅकेत तीन किलो, यात काटछाट नाही. गॅसचा डबा नेत नाही, लोकलमध्ये ज्वालाग्राही वस्तूंना बंदी आहे. रात्रीची भाकरी-पिठलं मामींकडे सांगून ठेवतो, पैसे देऊन. हेडटॉर्च हवीच, हातातली टॉर्च खुंटी ठोकताना तोंडात धरावी लागते. बूट रात्री पिशवीत बांधून आत, सकाळी तरी झटकून. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन कसं गुणकारी ठरतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण देहरीत त्या औषधाची गरज पडायला नको.

रात्र ११, फेब्रुवारी, सोसायटीची गच्ची. हसू नका. पाचव्या थराची चाचणी होती, आईची गोधडी. काँक्रीटमध्ये खुंटी जात नाही, म्हणून दोऱ्या पाण्यानं भरलेल्या पाच लिटरच्या कॅनना बांधल्या. वॉचमन दोनदा वर येऊन गेला, दुसऱ्यांदा मॅट दाबून बघायला. गोधडी मॅटवर अंथरली की पाठ घसरत नाही आणि घाम टिपला जातो. पांघरायला ती नको, दवानं जड होते आणि लवकर वाळत नाही. अडचण वजनाची, पूर्ण गोधडी दोन किलो दोनशे. आईला म्हटलं, अर्धी कापून दे. तिनं मला अर्धं कापायची धमकी दिली आणि दोन जुन्या साड्या काढल्या. माप दिलंय, रुंदी सत्तर सेंटिमीटर, लांबी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. निम्मे टाके झालेत.