तुम्ही विचारलंत म्हणून : चाकाचा बोल्ट सुटत नाही तेव्हा

"पान्यावर उभं राहिलो तरी चाकाचा बोल्ट हलत नाही, काय करू? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून आट्यांना ग्रीस लावून ठेवू का?" हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनेच येतात. पहिल्याचं उत्तर लांब दांडा. दुसऱ्याचं उत्तर, नको.

गाडीसोबत येणारा पाना साधारण २५ सेंटिमीटरचा असतो. ६० किलोच्या माणसाने टोकावर सगळं वजन टाकलं, तरी बोल्टवर जेमतेम १५० न्यूटन-मीटर टॉर्क (वळवणारा जोर) येतो. एअर गनने बेफाम आवळलेला आणि वर गंजलेला बोल्ट त्याला दाद देत नाही. ६० सेंटिमीटरच्या ब्रेकर बारवर, म्हणजे सॉकेट लावायच्या लांब दांड्यावर, तेच वजन ३५० न्यूटन-मीटरच्या पुढे जातं. म्हणून उड्या मारू नका. पाना सटकतो, बोल्टाचं डोकं गोल होतं आणि मग खरी कटकट सुरू होते.

चाक जमिनीवर असतानाच बोल्ट ढिले करायचे. जॅकवर चढवलेल्या गाडीशी झटापट नको. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना ठोकळे लावा. सॉकेट सहा कोनांचं घ्या, बारा कोनांचं नको, आणि हातोडीने ठोकून पूर्ण आत बसवा. बोल्टाच्या डोक्यावर ड्रिफ्ट (ठोकायचा जाड धातूचा दांडा) ठेवून दोन-तीन सणसणीत घाव घातले की गंजाची पकड सैल होते. मग बारवर हळूहळू वजन टाका. 'कट्ट' असा आवाज आला की समजायचं, सुटला. पण आवाज न होता बोल्ट मऊसर, चिक्कीच्या पाकासारखा वळत राहिला, तर तो पिळवटतोय. तिथेच थांबा. थोडा परत आवळा, गंज सोडवणारं तेल मारा, वाट पाहा, पाव-पाव फेऱ्याने मागेपुढे करत काढा.

तेलाबद्दल एक गोष्ट. हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, म्हणजे स्टडवर, नट असेल तर तेल उघड्या आट्यांवरून आत झिरपतं. बोल्ट थेट हबमध्ये जात असेल, तर बाहेरून मारलेलं तेल डोक्याखालच्या बैठकीपाशीच अडतं. चाकामागून बोल्टाचं टोक दिसत असेल तर तिथे मारा. गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा सल्ला मात्र कानाआड करा. तापलेल्या रिमवरचा टायर फुटू शकतो.

आता ग्रीस. बोल्ट आवळताना लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो. बोल्ट ताणून चाक दाबून धरायला त्यातला सुमारे दहावा हिस्साच उरतो. कंपनीने दिलेला टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क गाठला की आवाज करणारा पाना) त्याच आकड्यावर 'टक्' करत असताना बोल्ट मात्र कितीतरी जास्त ताणला जातो. बोल्टाच्या शंकूच्या आकाराच्या बैठकीवरही ग्रीस नको. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

आट्यांवर वायर ब्रश फिरवा, बस्स. ग्रीसची जागा हबच्या मधल्या उंचवट्यावर, तीही पुसट थर देण्यापुरती. अलॉय रिम लोखंडी हबला तिथेच चिकटते आणि सगळे बोल्ट काढूनही चाक निघत नाही.

बसवताना प्रत्येक बोल्ट हाताने निदान चार-पाच फेरे आत गेला पाहिजे. सुरुवातीलाच अडला तर आटा तिरका लागलाय, परत काढा. मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा हात टॉर्क रेंचने मारा. बहुतेक मोटारींना ९० ते १४० न्यूटन-मीटर लागतात; तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. टायरवाला गन चालवणार असेल तर त्याला बोल्ट नुसते टेकवू द्या, पुढचं काम रेंचचं. ५० ते १०० किलोमीटरनंतर तोच टॉर्क पुन्हा तपासा.

लॉकिंग बोल्टला (चोरी टाळायला खास चावीनेच उघडणारा बोल्ट) तर गन लावूच देऊ नका. त्याच्या चावीच्या खाचा नाजूक असतात. त्या तुटल्या तर वरचं सगळं बाजूला राहतं आणि बोल्टाच्या डोक्यावर एक्स्ट्रॅक्टर सॉकेट (खराब डोकं पकडून बोल्ट काढणारं सॉकेट) ठोकून बसवायची वेळ येते.