बीबी बदलली, टकटक तशीच

उजवा पाय खाली जाताना, क्रँक म्हणजे पेडलची दांडी घड्याळातल्या दोनच्या जागी आला की एक कोरडी ‘टक’. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या रोडबाइकने सुरू केलेला हा आवाज नवी मुंबईतल्या पामबीच मार्गावरच्या सपाटीत क्वचितच येत असे. पण बेलापूरला पारसिक हिलचा चढ लागला की तो प्रत्येक फेरीला हजेरी लावी, आणि पहाटेच्या शांततेत दुसरे काही ऐकूच येत नसे.

दुकानात ‘बीबी गेली’ असे निदान दोन मिनिटांत झाले. (घरी या वाक्याचा बराच वेळ भलता अर्थ काढला गेला.) नवी बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगांचा भाग) बसली, पैसे गेले, आणि पुढच्याच रविवारी त्याच चढावर तीच टक. दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता, कारण आवाज खालूनच येतो आहे असे मीच छातीठोकपणे सांगितले होते. सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्यांचा सांगाडा, आणि कार्बनची असेल तर जवळजवळ तंबोऱ्याचा भोपळाच; सीटपोस्टमध्ये (सीटखालच्या दांडीत) किंवा मागच्या चाकाच्या क्विक रिलीजमध्ये (चाक झटकन काढण्याच्या खटक्यात) उठलेली कुरकुरही स्वाराला पायाखालून आल्यासारखी वाटते.

म्हणून या वेळी मी आधी आवाजाचा ताल मोजला. पुढच्या ५० दात्यांच्या चक्रावर १०८ कड्यांची चेन पूर्ण फिरायला क्रँकच्या दोनांहून किंचित जास्त फेऱ्या लागतात, आणि ३४ दात्यांच्या चक्रावर तीनांहून थोड्या जास्त. एखादे कडे अडकत असेल, तर आवाज याच अंतराने येतो आणि चक्र बदलले की अंतरही बदलते. माझी टक मात्र दोन्ही चक्रांवर फेरीला नेमकी एकदाच येत होती, त्यामुळे चेन संशयातून सुटली. पेडल मारणे थांबवून चाक नुसते फिरू दिले की आवाज बंद होई; उभे राहून चालवले तरी तो येतच राही, म्हणून सॅडल आणि सीटपोस्टही वगळले. शेवटी डाव्या बुटाचा क्लीट (तळव्याखालचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) पेडलमधून सोडवून फक्त उजव्या पायाने दहा-बारा फेऱ्या मारल्या, तेव्हा टक कायम राहिली. फक्त डाव्या पायाने मारल्या, तर शांतता.

आता संशय उजव्या पेडलवर होता. मुलीच्या सायकलीची पेडले मला आणि माझी तिला, अशी अदलाबदल ग्रीस लावून केली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण बेअरिंगवर फिरत राहणारा भार त्या बाजूला सरळ आट्यांचे पेडल हळूहळू सैल करतो. हे ठाऊक असूनही मी पहिला जोर चुकीच्या दिशेनेच लावला. उजवे पेडल निघाले, तेव्हा त्याच्या आट्यांत ग्रीसचा मागमूस नव्हता, फक्त पावसाच्या पाण्यात कालवलेला करडा, वाळूसारखा कचकचणारा लगदा.

अदलाबदलीनंतर दोन्ही सायकली गप्प झाल्या, आणि माझी खरी पंचाईत इथेच झाली. दोष पेडलमध्ये असता, तर आवाज मुलीच्या सायकलीवर जायला हवा होता. पण मी पेडल बदलणे आणि ग्रीस लावणे एकाच वेळी करून बसलो होतो. तेव्हा माझे उजवे पेडल परत आणले, त्याचे आणि क्रँकचे आटे कापडाने कोरडे पुसून, ग्रीस न लावता मुद्दाम तसेच कसले. तिसऱ्या दिवशी पारसिकच्या चढावर टक परतली. मग ते काढून, आट्यांना ग्रीस चोपडून, टॉर्क रेंचने (किती जोराने कसले ते मोजणाऱ्या पान्याने) ३५ न्यूटन-मीटरला कसले. त्यानंतर सहा आठवड्यांत आवाज नाही.

काढलेली जुनी बीबी मी फेकली नव्हती. तिची दोन्ही बेअरिंगे परवा बोटाने फिरवून पाहिली. कुठेही अडकत नाहीत, लोण्यासारखी फिरतात.